घराण्याचा गालिचा: नाव खरं की मागाहून चिकटवलेलं?

२००९ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात एका लिलावात एक निळा इराणी गालिचा आला. अंदाजे किंमत लावली होती ९०० युरो. बोली चढत चढत १९,७०० युरोवर थांबली. काही महिन्यांनी, १५ एप्रिल २०१० रोजी, तोच गालिचा लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात आला आणि ६२ लाख पौंडांना गेला. मधल्या काळात त्याची एक गाठही बदललेली नव्हती. पण तो सतराव्या शतकातला, किरमानच्या बाजूचा आहे आणि पॅरिसच्या काउंटेस मार्टिन द बेहाग (१८७०–१९३९) यांच्या प्रसिद्ध संग्रहातला आहे, हे आता कॅटलॉगमध्ये छापलेलं होतं. पहिल्या लिलावदाराने माल नीट ओळखला नाही म्हणून त्याच्यावर दावा झाला. कोर्टाने तो फेटाळला.

या गोष्टीमुळे अनेकांना वाटतं की मोठ्या घरचं नाव सापडलं की काम झालं. उलट आहे. बेहाग गालिच्याची वीणच दुर्मीळ होती. नाव तिच्यावर येऊन बसलं. वीण साधारण असेल तर नुसत्या नावाने फारसं काही होत नाही, आणि म्हणूनच नावं खोटी लावली जातात. मुंबईच्या चोर बाजारात “संस्थानिकाच्या राजवाड्यातून आलाय, साहेब” हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. कोणत्या संस्थानिकाच्या, असं विचारलं तर उत्तर गिऱ्हाईकाचं आडनाव बघून ग्वाल्हेर, बडोदा किंवा कोल्हापूर असं येतं.

तुमच्याकडे वाटणीत गालिचा आला असेल, किंवा कोणी “अमुक सरदारांच्या वाड्यातला” म्हणून दाखवत असेल, तर पुढच्या क्रमाने जा. आधी वस्तू, मग कागद, आणि गोष्टीवर विश्वास सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: काहीही करू नका

गालिचा धुवायला देऊ नका. झोडपू नका. अस्तर उसवू नका, झालर “नीट” करून घेऊ नका, आणि रफूवाल्याला तर अजिबात बोलावू नका. अस्तरावरचे शाईचे आकडे एका धुण्यात जातात. हौसेने नवं अस्तर लावताना जुनं फेकलं जातं आणि त्याच्याबरोबर त्यावर टाचलेली चिठ्ठीही. दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता फोटो काढा: पूर्ण पुढची बाजू, पूर्ण मागची बाजू, चारही कोपरे, आणि प्रत्येक भोक, ठिगळ, डाग, कसर लागलेली जागा. शेजारी मोजपट्टी ठेवा. या डागांचं महत्त्व पुढे कळेल.

दुसरी पायरी: मापं

लांबी दोन्ही कडांनी आणि मधून, रुंदी दोन्ही टोकांना आणि मधून. हाताने विणलेल्या गालिच्याची सहाही मापं वेगळी येतात. तंतोतंत सारखी आली तर शंका घ्या. सेंटिमीटर आणि फूट-इंच दोन्हींत लिहून ठेवा. जुन्या यादीत गज असेल तर तो कुठला गज हे बघावं लागतं, सगळीकडे गज एकच नव्हता.

मग चारही बाजूंची किनार पुरी आहे का ते पाहा. गालिचे कापले जातात, जोडले जातात. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण इराणमधल्या अर्दबिलच्या गालिच्यांच्या जोडीचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १८९३ साली २००० पौंडांना घेतलेला गालिचा भव्य आणि अखंड दिसतो, कारण त्याची दुरुस्ती त्याच्याच जोडीदाराचे तुकडे वापरून झाली. तो जोडीदार आज लॉस अँजेलिसच्या संग्रहालयात आहे, लहान झालेला आणि बाहेरची किनार गमावलेला. म्हणून जुन्या कागदातलं माप आणि आजचं माप जुळलं नाही तर लगेच निराश होऊ नका. कापल्याची खूण गालिच्यातच सापडायला हवी, एवढं मात्र बघा. खूण नाही आणि माप एक हाताने चुकतंय, तर तो कागद दुसऱ्या गालिच्याचा आहे.

तिसरी पायरी: पाठ वाचणं

गालिचा उलटा करा. बहुतेक नवशिके नक्षीवर वेळ घालवतात, पण माहिती मागे असते.

जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात एक प्रचंड चारबाग गालिचा आहे: पाण्याचे पाट, त्यांत मासे, काठाला झाडं, मधोमध मंडप. १९३७ साली तो आमेरच्या राजवाड्यातल्या एका बंद खोलीत सापडला. त्याच्या अस्तरावर नोंदीची चिठ्ठी होती, तिच्यावरची तारीख २९ ऑगस्ट १६३२ ला येते, आणि गालिचा परदेशी असल्याची नोंद. या एका चिठ्ठीतून काय सिद्ध होतं ते नीट पाहा. त्या दिवशी गालिचा आमेरच्या ताब्यात होता. म्हणजे तो त्याआधी विणलेला आहे. आणि मोजदाद करणाऱ्या कारकुनाला तो बाहेरून आलेला आहे हे माहीत होतं. तो किरमानचा आहे हे चिठ्ठी सांगत नाही, ते विणीवरून ठरवलं गेलं. चिठ्ठी जेवढं बोलते तेवढंच ऐकायचं. जयपूर दरबाराच्या इतर गालिच्यांवरही अशा चिठ्ठ्या होत्या, त्यांत मापं आणि खरेदीचे तपशील असत. हिंदुस्थानातल्या गालिच्यांचा इतिहास बराचसा त्या कारकुनांच्या कृपेवर उभा आहे.

तुमच्या गालिच्यामागे चिठ्ठी असेल तर भिंग घ्या. चिठ्ठीचा टाका फक्त अस्तरातून गेलाय की गालिच्याच्या धाग्यातूनही? फक्त अस्तरातून गेला असेल तर चिठ्ठी अस्तराची आहे, आणि अस्तर एका गालिच्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतं. चिठ्ठीचा कोपरा हलकेच उचलून पाहा: खालचं कापड बाजूच्या कापडापेक्षा स्वच्छ, गडद रंगाचं असेल तर ती तिथे बरीच वर्षं आहे. सगळीकडे सारखाच मळ असेल तर ती परवा लावलेली असू शकते. जुन्या टाक्यांची भोकं आहेत आणि त्यांत धागा नाही, म्हणजे इथे पूर्वी दुसरं काही होतं. त्या रिकाम्या भोकांच्या चौकोनाचंही माप घेऊन ठेवा. चिठ्ठीवर लांबी-रुंदी लिहिली असेल तर दुसऱ्या पायरीतल्या मापांशी ताडून बघा. लिलावाचा लॉट नंबर, व्यापाऱ्याचा छापील बिल्ला, प्रदर्शनाचं लेबल, शिशाचं सील, यांतलं काहीही काढू नका, नुसता फोटो.

कधीकधी मालकाचं नाव गालिच्यातच विणलेलं असतं, तेव्हा काम सोपं वाटतं. लंडनच्या गर्डलर्स कंपनीचा, म्हणजे पट्टे बनवणाऱ्यांच्या जुन्या संघाचा गालिचा लाहोरला विणून घेतलेला. रॉबर्ट बेल या ईस्ट इंडिया कंपनीशी संबंधित व्यापाऱ्याने तो १६३४ साली आपल्या संस्थेला भेट दिला. गालिच्यावर संस्थेचं मानचिन्ह आहे आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात त्याच्या नोंदी आहेत. वस्तू आणि कागद दोघं एकच बोलतात, असा योग दुर्मीळ. दुसरीकडे इंग्लंडमधल्या बॉटन हाऊसचे गालिचे बघा. दिसायला तुर्कस्तानच्या उशाकचे, त्यावर माँटेग्यू घराण्याचं मानचिन्ह, दोघांवर १५८४ आणि १५८५ अशी सालं. नक्षी बघून कोणीही तुर्की म्हणेल. अभ्यासक मात्र ते युरोपातच, तुर्की नमुना समोर ठेवून विणलेले मानतात. घराणं पक्कं, पण गाव वेगळं.

विणलेलं साल दिसलं तर ते बहुधा हिजरी असतं. आकड्याला ३३ ने भागा, ते उत्तर आकड्यातून वजा करा, ६२२ मिळवा. अर्दबिलवर ९४६ आहे, म्हणजे १५३९–४०. पण सालाच्या आजूबाजूच्या गाठी पाठीमागून तपासा. अरबी लिपीतल्या ३ चा एक दात काढला की २ होतो, आणि हिजरी १३२० चा, म्हणजे १९०२ चा गालिचा दोन-चार गाठी बदलून हिजरी १२२० चा, म्हणजे १८०५ चा होतो. बाजारात ही युक्ती जुनी आहे.

चौथी पायरी: वीण आणि रंग काय म्हणतात

इथे तज्ज्ञ लागतोच. पण पहिली चाळणी तुम्ही घरी लावू शकता.

एका ओळीवर गालिचा दुमडून लव, म्हणजे वर उभे राहिलेले लोकरीचे धागे, उघडा. गाठीचं लोकरीचं टोक दोन्ही उभ्या धाग्यांना विळखा घालून मधून बाहेर येत असेल तर ती तुर्की गाठ. एकाच धाग्याला विळखा आणि दुसऱ्याच्या नुसतं मागून जात असेल तर ती इराणी. हिंदुस्थानातले आणि किरमानचे गालिचे इराणी गाठीचे. तेव्हा “लाहोरचा मुघल गालिचा” म्हणून तुर्की गाठ समोर आली तर चर्चा तिथेच थांबवायला हरकत नाही. मागच्या बाजूने एका इंचात उभ्या-आडव्या गाठी मोजून गुणाकार करा, चार-पाच ठिकाणी. गाठी जास्त म्हणजे गालिचा जुना, हा गैरसमज आहे. ती फक्त विणीची ओळख आहे.

बेहाग गालिचा ज्या किरमानी पद्धतीचा, त्या विणीची खूण बारकाईने बघण्यासारखी आहे. गाठींच्या दोन ओळींमध्ये तीन आडवे धागे असतात: पहिला आणि तिसरा लोकरीचा, ताठ, मधला रेशमी किंवा सुती, नागमोडी जाणारा. ताठ धाग्यांच्या ओढीने एकाआड एक उभा धागा मागे ढकलला जातो. लव झिजली की आडवे धागे रेषांसारखे वर दिसायला लागतात. घरात “अगदीच झिजून दोऱ्या दिसायला लागल्या” म्हणून माळ्यावर टाकलेल्या गालिच्यात अशी खूण दिसली, तर आधी जाणकाराला फोन करा.

रंगांबाबत एकच गोष्ट नक्की करता येते: गालिचा अमुक सालाआधीचा *नाही*. मजेंटा छटेचा पहिला कृत्रिम रंग १८५९ सालचा. तो उन्हात लवकर उडतो, त्यामुळे लव उघडली की मुळाशी जांभळा आणि टोकाला राखाडी दिसतो. तसं दिसलं तर पेशवाईतली वस्तू म्हणून सांगितलेली गोष्ट संपली. निळीचा निळा, मंजिष्ठेचा किंवा लाखेचा लाल हे नैसर्गिक रंग असले म्हणून मात्र गालिचा जुना ठरत नाही. ते आजही वापरतात. काळ्या-तपकिरी रेघांची लव खाली बसली असेल तर ते लोहयुक्त रंगाने लोकर खाल्ल्याचं लक्षण, आणि ते बऱ्यापैकी वय दाखवतं.

कार्बन चाचणीची घाई नको. साधारण १६५० ते १९५० या काळासाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे, उत्तर इतकं ढोबळ येतं की अठरावं शतक आणि विसावं शतक वेगळं करता येत नाही. वाड्यांमधले बहुतेक गालिचे याच काळातले असतात.

आपल्याकडचा एक खास मुद्दा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांगले गालिचे तुरुंगांत विणले जात. विंडसर कॅसलच्या वॉटर्लू चेंबरमधला अवाढव्य गालिचा आग्र्याच्या तुरुंगात राणी व्हिक्टोरियासाठी विणला गेला. पुण्याच्या येरवडा तुरुंगातही हे काम चाले, आणि विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांवरून तिथे नमुने उचलले गेले. तेव्हा दख्खनच्या एखाद्या वाड्यात “आदिलशाही” म्हणून जपलेला गालिचा येरवड्याचा निघू शकतो. तुरुंगातला म्हटलं की घरच्यांचे चेहरे पडतात. पडू नयेत, वीण उत्तम असते आणि मागणीही आहे.

पाचवी पायरी: घरातली गोष्ट टिपून घ्या, वेगळ्या वहीत

विश्वास शेवटी ठेवायचा असला तरी विचारायचं मात्र आत्ताच, कारण आजी-आजोबा थांबणार नाहीत. “आजी, हा दिवाणखान्यात असायचा की देवघरापुढे? लग्नात अंथरायचे का? कोणी आणला?” असं साधं विचारा. “हा निजामाने दिलेला ना?” असं विचारलंत तर हो असंच उत्तर मिळणार. कुठे अंथरायचे आणि काय सांडलं होतं, या आठवणी पक्क्या असतात. कोणी दिला ही आठवण दर पिढीत मोठ्या माणसाकडे सरकते.

गोष्ट आणि पुरावा कसे शेजारी शेजारी राहू शकतात ते बडोद्याच्या मोत्यांच्या गालिच्यात दिसतं. खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास तो करवून घेतला. खरं तर तो विणलेला नव्हेच. हरणाच्या कातड्यावर आणि रेशमावर बसऱ्याचे मोती, वर हिरे-माणकं. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी तो केला होता, असं सांगतात. ही झाली गोष्ट. पुढची साखळी मात्र टप्प्याटप्प्याने दाखवता येते: १९०२–०३ च्या दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात तो मांडला गेला, नंतर महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला, १९८५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या भारतावरील प्रदर्शनात होता, आणि मार्च २००९ मध्ये दोह्याला सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. मदिनेची हकीकत खरी असो वा नसो, या साखळीला तिची गरज नाही.

सहावी पायरी: कागद

आधी घरातलेच: वाटणीपत्र, मृत्युपत्र, विम्याची कागदपत्रं, संपत्ती कराच्या काळातले मूल्यमापनाचे अहवाल, जुनी बिलं, लग्नाचे फोटो. फोटो फार कामाचे. संस्थानिक आणि सरदार खुर्चीवर बसून फोटो काढून घेत, आणि खुर्चीखाली गालिचा असे. किनारीचा एक हातभर भाग दिसला तरी पुरतो, कारण हाताने विणलेल्या किनारीत कोपरा कुठे चुकला, कुठे फूल अर्धवट राहिलं हे त्या एकाच गालिच्याचं असतं.

मग दप्तरखाने. दरबारांत गालिचे, तंबू, बैठका यांचा कारभार फरासखान्याकडे असे. कपडेलत्ते आणि मौल्यवान वस्तू जामदारखान्यात. या खात्यांच्या याद्या आणि खर्चाच्या नोंदी हा तुमचा शोध. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, करवीरचे कागद कोल्हापूरच्या. मोडी वाचता येत नसेल तर वाचक लावावा लागेल; त्याला “गालिचे” एवढंच न सांगता मापं आणि रंगही द्या. संस्थानं विलीन झाली तेव्हा राजांनी सरकारला दिलेल्या खाजगी मालमत्तेच्या याद्यांवर मात्र वेळ घालवू नका. त्या करारांत मागितली होती ती स्थावर मालमत्ता, रोखे आणि रोकड. गालिचे त्यात सहसा नसतात.

गालिचा युरोपातल्या घरातून आला असेल तर वाट सोपी, कारण तिथे याद्या छापल्या गेल्या. इंग्लंडमधल्या बेस ऑफ हार्डविक या श्रीमंत उमराव बाईंच्या हार्डविक हॉलची १६०१ सालची यादी आजही उपलब्ध आहे, तिच्यात तुर्की गालिचे आहेत, आणि त्यांतले कितीतरी टेबलावर घालायचे. तेव्हा फक्त जमिनीवरच्या वस्तूंत शोधू नका. घरं विकली गेली तेव्हाचे लिलावाचे कॅटलॉग, उदाहरणार्थ इंग्लंडमधल्या मेंटमोर टॉवर्स या घराचा १९७७ सालचा, मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. गेटी संस्थेची प्रोव्हेनन्सची, म्हणजे वस्तूंच्या मालकीच्या इतिहासाची सूची घरबसल्या विनामूल्य चाळता येते. *कंट्री लाइफ* हे साप्ताहिक १८९७ पासून अशा घरांचे आतले फोटो छापत आलं आहे.

सातवी पायरी: साखळी जोडणं

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर न थांबता जुने फेरफार काढतो, तसंच इथे. एका मालकाला एक ओळ: नाव, कधीपासून कधीपर्यंत, कसा मिळाला, पुरावा कोणता. पुरावा नसेल तिथे “घरची माहिती” असं स्वच्छ लिहा. खंड पडला असेल तर तो खंड म्हणूनच दाखवा. “बहुधा” घालून तो बुजवलात की पुढचा वाचणारा बाकीच्या ओळींवरही विश्वास ठेवत नाही.

“मोठा तांबडा गालिचा, १” अशी यादीतली नोंद म्हणजे ओळख पटली असं नाही. मोठे तांबडे गालिचे प्रत्येक वाड्यात होते. माप, किनार, ठिगळ किंवा डाग यांतल्या किमान दोन गोष्टी कागदाशी किंवा फोटोशी जुळल्या पाहिजेत. पहिल्या पायरीत काढलेले डागांचे फोटो इथे उपयोगी पडतात.

काही खंड धोक्याचे असतात. युरोपातल्या गालिच्यात १९३३ ते १९४५ कोरं असेल तर नाझींनी लुटलेला माल असण्याची शक्यता तपासावीच लागते. आपल्याकडे १९४७ आणि तनखे बंद झाले ते १९७१, या दोन वेळांच्या आसपास राजवाड्यांतून पुष्कळ सामान घाईघाईने, बिलाशिवाय बाहेर गेलं. खरेदी करणार असाल तर इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत शोधून बघा. त्यांचं आयडी-आर्ट हे मोबाइल ॲप सगळ्यांना खुलं आहे.

विकायचा किंवा बाहेर न्यायचा असेल तर

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. मुलगी अमेरिकेत आहे, तिला भेट द्यायचा आहे, हे कारण चालत नाही. देशात विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणून व्यापाऱ्याकडून घेताना परवाना बघा आणि बिलावर गालिच्याचं माप, वर्णन, फोटो मागा. “जुना नाही” असं प्रमाणपत्र घेऊन गालिचा बाहेर न्यायचा असेल तर ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावं, विमानतळावर वाद घालू नये.

परदेशातल्या वाचकांनी तिथलेही नियम बघावेत. अमेरिकेने इराणी गालिच्यांची आयात २०१० मध्ये बंद केली, २०१६ मध्ये खुली केली आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद केली. त्यामुळे तिथे विकताना गालिचा देशात कधी आला याचा कागद तो कोणत्या राजाचा होता याच्या कागदाइतकाच विचारला जातो. लंडन किंवा दुबईतून घेतलेला गालिचा तिकडे नेण्याआधी हे विचारून घ्या.